डावीकडचा रस्ता

‘सरळ जा,’ यंत्रातली बाई इंग्रजीत म्हणाली, आणि सोनूने रुग्णवाहिका मिठागराच्या बांधावर घातली.

मागे स्ट्रेचरवर सेबेस्टियन होता. सकाळी केळीच्या वाडीत छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. घरी आलेल्या डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, की तासाभरात याला स्टेशनपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवा, उशीर नको. त्यातली वीस मिनिटं तर माणसं चढवण्यातच गेली. त्यांच्या सांडोर गावात आजारी माणसाला एकट्याने पाठवत नाहीत. जो मागे राहील त्याचं तोंड पुढे वर्षभर वाकडं. म्हणून बायको रेजिना चढली, मुलगा रायन पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, भाऊ हिलरी आला, बहीण जपमाळ घेऊन आली, दोन चुलत वहिन्या आल्या. शेजारची म्हातारी पेजेचा डबा मांडीवर घेऊन बसली आणि तिचे दोन धिप्पाड जावई, ‘उचलायला लागेल कुणीतरी’ म्हणत, मागच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. चार-पाच माणसांच्या गाडीत अकरा जण. दार तिसऱ्या दणक्याला लागलं.

सोनू पोरगा चांगला होता, पण मुलूख त्याला नवा. वसईत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. हॉस्पिटलने गाडीत रस्ता सांगणारं यंत्र नुकतंच बसवलं होतं आणि त्याचा सगळा भार त्या यंत्रावर. दोन हजार नऊ साल ते, असल्या यंत्राचं भलतंच अप्रूप. रायनलाही होतं. तो मीरा रोडला फ्लॅटमध्ये राहायचा, अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा. “पापडीला आज बाजार आहे, तिकडे अडकू,” तो मागे वळून म्हणाला. “हे सॅटेलाइटवरून बघतं. आपल्यापेक्षा जास्त दिसतं त्याला.” मागच्यांना तर काहीच दिसत नव्हतं. बाजूच्या काचा दुधी आणि दारात जावयांच्या पाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाटेत एका वळणावर सेबेस्टियनने हात वर केला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. रेजिनाने चटकन तो हात धरला. “मी हाय ना. घाबरू नका,” ती म्हणाली आणि तिने तो छातीवर नीट ठेवला. थोड्या वेळाने हात पुन्हा वर आला. तिने पुन्हा खाली घेतला. नणंदेने जपमाळेचा वेग वाढवला.

दिवाळी तोंडावर आली होती, तरी बांध आतून ओलाच होता. अकरा माणसांचं ओझं त्याला पेललं नाही. मागचं चाक कचकन रुतलं आणि गाडी एका अंगावर कलली. सोनूने दोनदा जोर केला. चाक आणखी खाली गेलं.

तेवढ्यात सेबेस्टियनचा हात तिसऱ्यांदा वर आला. या वेळी रेजिनाने नीट पाहिलं. बोट ताठ होतं आणि डाव्या काचेकडे रोखलेलं होतं. तीस वर्षं या माणसाने सांडोरची केळी आणि भाजी टेम्पोत घालून दादरला नेली होती. पाठीवर पडल्या पडल्या, नुसत्या धक्क्यांवरून, गाडी कुठे आली ते त्याला कळत होतं. आणि ती इतका वेळ त्याची समजूत काढत बसली होती.

“रायन, ते घाबरले नाहीत रे! वाट दाखवतात. डावीकडे घ्या!”

रायनने बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. “आई, पप्पांना शुद्ध कुठे आहे?”

सोनू खाली उतरून मागचं दार उघडत होता. “आंटी, पहिले सगळे उतरा. वजन बघा किती झालंय. पेशंटबरोबर फक्त एक जण येईल.”

सगळे चिखलात उतरले. रेजिना तेवढी पायरीशी थांबली. हॉस्पिटलात फॉर्म भरायचे, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचं. सगळ्यांनी रायनकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग ती आपणहून खाली उतरली, कुणीही तिला सांगितलं नाही. रायनने आपला मोबाइल तिच्या हातात दिला आणि तोही जावयांबरोबर गाडीला खांदा लावायला गेला. चाक सुटलं. चिखलाने भरलेला रायन उडी मारून आत चढला, दार बंद झालं, सोनूने सायरन लावला.

गाडी हलली तसा मिठागरातला एक माणूस खोरं घेऊन बांधावर चढला. “सरळ कुठं चाललेत? पुढं बांध फुटलाय, नुसतं पानी हाय! डावीकडनं रस्ता हाय ना!”

सगळे ओरडत धावले. नणंद जपमाळेसकट चिखलात पडली. सायरनपुढे कुणाचा आवाज पोचणार? हिलरीने रायनला फोन लावला. तो रेजिनाच्या मुठीत वाजला.

डाव्या फाट्याशी गाडी जरा हळू झाली. दारात आता कुणाच्या पाठी नव्हत्या, काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. सेबेस्टियनचा हात वर आला, ताठ, डावीकडे. रायनने तो दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला, हलकेच चादरीखाली ठेवला, आणि गाडी सरळ गेली.