टेलरमास्तरांची जबाबदारी

"हे काय? पुन्हा बटण तुटलं?" मोठ्या बाईंनी दारातूनच विचारलं.

टेलरमास्तरांनी ओशाळून हातातला शर्ट पुढे केला. "तुटलं खरं."

"जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत, आणि स्वतःच्या शर्टाला बटण नाही! आणा तो सुई-दोरा."

सुई-दोरा टेबलावर तयारच होता. बाईंनी चष्मा चढवला आणि कामाला लागल्या. माणूस आतून खचला की असंच होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना मोठ्या बाईच म्हणायची आणि त्याही तशाच वागायच्या. गुडघा दाखवायला त्या इस्पितळात गेल्या, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना हेरलं. या डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर संशोधन करत होत्या. बोलायला कोणी नसलं की माणूस आजारी पडतो आणि त्यावर गोळी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मला मदतनीस हवेत. तुमच्यासारखे खमके," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तुमच्या मागच्या गल्लीत एक टेलरमास्तर आहेत. बायको गेल्यापासून दुकान बंद, बोलणंही बंद. दर गुरुवारी जाल त्यांच्याकडे?"

बाई गुडघा विसरून हो म्हणाल्या. तसं त्यांच्याही घरी बोलायला कोणी नव्हतं. यजमान गेलेले, मुलगा परदेशात. पण त्यांची गोष्ट निराळी होती. त्या खंबीर होत्या.

"लेकाचा फोन आला का?" चहाचा कप पुढे सरकवत मास्तरांनी विचारलं.

"माझं राहू द्या. तुमचं सांगा."

"माझं काय असणार! झोप लागली का रात्री?"

स्वतःवरचा विषय टाळायची मास्तरांची ही खोड बाईंनी कधीच ओळखली होती. तेवढ्यापुरतं त्यांचं मन राखावं म्हणून त्या लेकाबद्दल, सुनेबद्दल, शेजारणीच्या भोचकपणाबद्दल सांगू लागल्या. सांगता सांगता चहा निवला. मास्तरांनी दुसरा टाकला.

बटण लागलं. जरा तिरकंच लागलं होतं. मास्तरांनी ते उजेडात धरून पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "झकास!"

"हल्ली हसायला लागलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"तुमचीच कृपा."

बाई खूश होऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत ऐटीत बसल्या होत्या. खोलीत फायलींचा ढीग होता आणि खिडकीत एक सुकलेली कुंडी. या पोरीला कुंडीला पाणी घालायलाही सवड नाही, असं बाईंच्या मनात आलं.

"मास्तरांची गाडी रुळावर आली," त्यांनी जाहीर केलं. "बोलतात, हसतात. केससुद्धा कापून आलेत."

"वा! मग आता या भेटी थांबवायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी जायची गरज नाही."

गुरुवार काढून घेतला तर आपल्या आठवड्यात उरतं काय, हे बाईंना पहिल्यांदाच लख्ख दिसलं आणि त्या घाबरल्या. खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान उभा जन्म पिळलेल्या मोठ्या बाई खुर्चीत सरसावून बसल्या.

"थांबवायच्या? भलतंच काय! वरवर हसतात हो ते. आतून अजून खचलेलेच आहेत. तोंडाने कबूल करायचे नाहीत, मानी माणूस. मी जायची थांबले तर कोलमडतील. निदान वर्षभर तरी हे चालू ठेवायला हवं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गंमत आहे. तुमच्यासाठी नेमलेले मदतनीस काल संध्याकाळी आले होते. तुमच्याबद्दल शब्दन् शब्द हेच सांगून गेले."

"माझ्याबद्दल?" बाईंचा आवाज चढला. "माझ्यासाठी कोणाला नेमलंय तुम्ही?"

"टेलरमास्तरांना."