घरातलाच राखणदार

पडद्यावर लाल चौकट उमटली तेव्हा वर्षाली 'सासूचा खडप' एवढंच टाइप करून थांबली होती. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा, असं त्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तिने ती बंद केली. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली ती भोंगा वाजवतच.

"काय झाला गो?" बाजूच्या खुर्चीतून विठोबांनी विचारलं.

विठोबा तिचे सासरे. पन्नास वर्षं शिरोड्याच्या समुद्रावर काढून आता गुडघ्यांपायी घरी बसलेले. पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, डोंगराची आणि देवळाची कुठली खूण जुळली की होडी थांबवायची, हे रोज दुपारी ते सांगत आणि वर्षाली लिहून घेई. एकशे बारा जागा झाल्या होत्या. अलीकडे त्यांना नावं आठवेनाशी झाली होती. कधी कधी ते आदल्या दिवशीचीच जागा पुन्हा सांगत. आणि लिहिलेलं सगळं या एकाच कॉम्प्युटरात होतं.

सुदेश, तिचा नवरा, बोटीवर होता. त्याचा फोन लागत नव्हता. तिने 'फुकट अँटिव्हायरस' असं शोधून पाहिलं. डझनभर नावं आली. प्रत्येक जण जगात पहिला, प्रत्येकाचं बटण हिरवं. एक जण दोन मिनिटांत सगळं साफ करून देणार होता. फक्त खात्रीसाठी बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होता.

"ह्या फुकट आसा, बाबा. घेतंय," ती म्हणाली.

"गरयेक आमिष म्हणान लावलेला सुंगटपण माशाक फुकटच दिसता," विठोबा म्हणाले. "ज्याका होडयेत घेतंस, तेका आदी गाव इचार. ज्यान ह्यो कॉम्प्युटर दिल्यान, तेका फोन लाव."

तिचं बोट बटणावरून मागे आलं.

कॉम्प्युटर दिला होता वेंगुर्ल्याच्या गुरुप्रसादने. बाजारात त्याचं छोटं दुकान होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वयनी, कायेक दाबू नकात. पयली इंटरनेटची वायर काडा."

तिने वायर काढली. त्याने सांगितलं तशी सगळी पानं बंद केली. भोंगा थांबला.

"ती चौकट नुसती घाबरवूची. आता पेन ड्राइव्ह लावा आणि बाबांची यादी पयली थंय घेवा."

आठ महिन्यांची यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत पेन ड्राइव्हवर गेली. वर्षालीने तो काढून विठोबांच्या हातात दिला. त्यांनी मूठ मिटली.

"आता तुमच्या दुकानातला खंयचा घेव?" तिने विचारलं. "आमचे ह्ये उद्या येवन घेवन जातले."

दुकानाच्या काचेआड अँटिव्हायरसची खोकी एकावर एक रचलेली तिने पाहिली होती. त्याने आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणा आणि सूचना तिला वाचून दाखवायला लावल्या.

"विकूक आसत, वयनी. पण तुमका नको. राखणदार कॉम्प्युटरात मुळातच आसा, फुकट. कोणीतरी आजमावूक म्हणान वर्षाचो दुसरो आणून बसवल्यान. तेची मुदत संपली. आता तो स्वता काय करणा नाय आणि घरातल्याक उठूक देणा नाय."

मग पाऊण तास तो फोनवरच राहिला. मुदत संपलेला काढून टाकायचा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, वायर लावून घरातल्या राखणदाराला जागं करायचं, सगळं तपासायला लावायचं. मधे त्याच्या दुकानात कुणी तरी आलं. "सांजचे येवा, आता कामात आसंय," असं तो त्यांना म्हणाला. वर्षालीला ते ऐकू आलं.

पडद्यावर तपासलेल्या फायलींचा आकडा चढत होता. "खंय पोचलो?" विठोबा दर दोन मिनिटांनी विचारत, होडीची वाट पाहावी तसे.

"दोन व्हायरस गावले," शेवटी ती म्हणाली. "काडून टाकल्यान."

लाल चौकट पुन्हा आली नाही. तिने यादी उघडून एक जागा मोठ्याने वाचली. विठोबांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली.

"गुरुप्रसादभाऊ, तुमचे उपकार..." पुढचे शब्द तिला सापडले नाहीत.

"उपकार कसले, वयनी? आठवड्यातून एकदा यादी पेन ड्राइव्हवर घेवा. आणि परत तशी चौकट इली, तर तेंका नको, माका फोन करा."

विठोबांनी फोनसाठी हात पुढे केला.

"गुरुप्रसादा, गरवूक जातंस काय रे?"

"जातंय काका, आयतवारी, बंदरावर. अजून एक मासो धड गावाक नाय."

विठोबा हसले. मग खुर्चीत सावरून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सुकती लागली, पाणी उतराक लागला, की मांडवी खाडयेच्या तोंडाक जा. तीन खडक सोड. चौथ्याच्या आडोशाक गरी टाक आणि गप बस. तांबोशी आसा थंय. माझ्या बापाशीन माका दाखवलेली जागा."

आठ महिन्यांत ही जागा वर्षालीने कधी ऐकली नव्हती. तिने घाईने कीबोर्ड पुढे ओढला आणि एकशे तेरा हा आकडा टाइप केला.

विठोबांनी तिच्या बोटांवर हात ठेवला.

"ही लिहू नको गो," ते म्हणाले. "ही आता तेची."