कोऱ्या पानावरचा मासा

"अहो, खुनी सापडला!" तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. "यंत्रमानव नव्हेच. तुरुंगाचा डॉक्टर!"

नवरा टेबलाशी मटार सोलत होता. त्याचा हात थांबला.

"कितव्या पानावर आहेस?"

"एकशे चाळीस. अजून निम्मं पुस्तक बाकी आहे."

तो पुन्हा सोलू लागला.

सव्वीस भागांची मालिका होती. तेविसावं शतक, चंद्रावरचा तुरुंग, एक इन्स्पेक्टरबाई आणि दर भागात एक खून. सकाळी वाचनालयात मुखपृष्ठावरचा तो तुरुंग आवडला, म्हणून तिनं थेट अठरावा भाग उचलला. मधूनच कसली सुरुवात करतेस, असं नवरा म्हणेल, त्याला काय उत्तर द्यायचं तेही वाटेत ठरवून ठेवलं. तो काहीच म्हणाला नाही. एरवी टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही.

आणि अडलं कुठे? इन्स्पेक्टरबाईचा डावा हात धातूचा, सख्ख्या बहिणीशी वैर, सगळं आपोआप उमगत गेलं.

"याला म्हणतात डोकं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आठशे नंबर तोंडपाठ होते. डायरीला कधी हात लावला नाही."

"हो हो, टेलिफोनबाई," तो म्हणाला. पण हसला नाही.

चारच्या सुमारास पुस्तक संपलं. खुनी डॉक्टरच निघाला. तिनं ऐटीत पेन्सिल घेतली.

त्या वाचनालयातल्या जुन्या वाचकांची एक खोड होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर जो तो आपली खूण करायचा. कुणाचा त्रिकोण, कुणाची चांदणी. तिचा मासा. शाळेत होती तेव्हापासून तोच, एका रेषेत काढलेला, शेपटी जराशी वाकडी. सकाळी तिनं पान उघडून बघितलं होतं. मासा नव्हता. म्हणजे वाचलेलं नव्हतं.

आता चष्मा लावून ती जागा शोधू लागली. त्रिकोण होता. चांदणी होती. तिच्याखाली कागद घासून घासून पार विरला होता. तिनं पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पेन्सिलीचे चरे दिसले. एक वाकडी शेपटी. तिच्यावर दुसरी. तिसरी.

तिनं त्या शेपट्या पुन्हा एकदा मोजल्या.

नवरा चहा घेऊन आला होता. कप ठेवायला वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून खोडरबराचा पांढरा कोपरा डोकावला. पेन्सिलीनं लिहिणं त्यानं कधीच सोडलं होतं.

"कितव्यांदा?" तिनं कसंबसं विचारलं.

त्यानं तिच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं.

"गेल्या वेळी साठाव्या पानावरच ओळखलं होतंस."