उत्तराआधीची पट्टी

दूषित पाण्याने दगावलेल्या मुलांबद्दलचा चित्रलेखा पारसनीसचा प्रश्न विचारून होतो न होतो, तोच स्टुडिओत तिच्या समोरच्या काचेवर मंत्र्यांचं उत्तर उमटलं: 'हे विरोधकांचं राजकारण आहे.' रोजचंच होतं. वाहिनीच्या यंत्राने आजवरच्या सगळ्या मुलाखती पचवल्या होत्या. पाहुण्याने तोंड उघडण्याआधीच ते उत्तर सांगे, आणि पडद्याखालची बातमीची पट्टीही त्यावरच धावे.

"विरोधकांवर ढकलून मोकळे होऊ नका, दाभाडेसाहेब," ती सवयीने म्हणाली.

"मी अजून काही बोललोच नाही, मॅडम." दाभाड्यांनी समोरची पाण्याची सीलबंद बाटली बाजूला सारली. "नळाचं पाणी खराब आहे, हे मला ठाऊक होतं. तरी पुरवठा चालू ठेवा, असं मीच सांगितलं. ती मुलं माझ्यामुळे गेली."

काच कोरी झाली. असलं उत्तर यंत्राने कधी ऐकलंच नव्हतं. स्वतःहून प्रश्न सुचायची चित्रलेखाची सवय केव्हाच मोडली होती. कानात निर्माता ओरडत होता, "अगं, बोल काहीतरी." यंत्राच्या उत्तरावर बेतलेला पुढचा तयार प्रश्न तिच्या तोंडून निसटला.

"म्हणजे तुम्ही जबाबदारी झटकताय?"

दाभाड्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर समोरच्या टीव्हीवर गेली. तिथे पट्टी धावत होती: 'मंत्र्यांनी आरोप फेटाळले.' ती त्यांनी दोनदा वाचली.

"तसं समजा," ते म्हणाले, आणि बाटली ओढून तिचं सील तोडलं.

काच पुन्हा उजळली. चित्रलेखाने सोडलेला सुटकेचा निःश्वास माइकने घराघरांत पोचवला.