सासऱ्यांचं हस्ताक्षर

सासरे सुनेशी एक शब्द बोलत नसत. काय सुनवायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवत. बावीस वर्षं तिने एकूण एक चिठ्ठी तारीख घालून जपली.

त्यांच्या पंचाहत्तरीला नणंदेने फर्मान काढलं, "घराण्याची आठवण म्हणून बाबांच्या हातचे जुने कागद आणा, सगळ्यांसमोर वाचू." सून फाइल घेऊन माइकपाशी उभी राहिली.

"भाजी अळणी. माहेरी हेच शिकवलं का?"

पाहुणे हसले.

"तुझ्या आईचा काल दवाखान्यातून फोन होता. स्वयंपाक अडला असता, म्हणून सांगितलं नाही."

सासरे उठले. "सूनबाई, पुरे कर!"

तिने शांतपणे पान उलटलं.


"बसा, बाबा. हे तर पहिलंच वर्ष आहे."