चंदाबाईचं मरण

स्टेजवर चंदाबाई मेली आणि चंद्रपूरच्या मैदानावरचे हजारो लोक ढसाढसा रडले. खरी चंदाबाई मागच्या रांगेत बसली होती. तिला रडू आलं नाही. तिला नुसती थंडी वाजली.

कार्यक्रम तिच्याच पोरीचा होता. रीताचा. लंडन, टोरांटो, दुबई गाजवून रीता जगाच्या दौऱ्यातले शेवटचे दोन खेळ करायला आपल्या मुलखात आली होती. स्टेजवर तिने अख्खं जंगल उभं केलं होतं. त्या जंगलाला वणवा लागला. एका बाईने आपल्या लेकराला डोंग्यात बसवून नदीत लोटलं आणि ती स्वतः काठावर जळून गेली. मग धुरातून सोनेरी झग्यातली रीता वर आली.

"ही माझ्या आईची गोष्ट," ती म्हणाली. "ती आज या जगात नाही."

आणि गाणं सुरू झालं.

"बाई, हे काय दाखवून राह्यली ही?" शेजारच्या सरिताबाई कुजबुजल्या. त्या अहेरीच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. चंदाबाई तिथेच स्वयंपाक करायची; तिथे ना टीव्ही होता, ना पेपर यायचा. ती रीताची आई आहे, हे अख्ख्या अहेरीत एकट्या सरिताबाईंना ठाऊक होतं.

'येऊ नको माय, गर्दी असते, तुझे गुडघे दुखतात,' असं रीताने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. तेव्हाच चंदाबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. आता उलगडा झाला. वसतिगृहात पोळ्या लाटणारी आई एवढ्या मोठ्या गायिकेला कशी शोभणार? त्यापेक्षा मेलेली बरी.

सकाळी ती सरिताबाईंना घेऊन थेट रीताच्या हॉटेलवर गेली. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं.

"मी रीताची माय होय."

रखवालदार हसला. "ते त कवाचीच वारली ना, बाई."

सरिताबाईंनी रीताला फोन लावला. रीता अनवाणीच धावत खाली आली. आईचा दंड धरून तिला आणि सरिताबाईंना खोलीत नेलं, दार लावलं, पडदे ओढून घेतले. मग तोंडातून पहिला शब्द निघाला तो हा:

"तुले कोणी पाह्यलं का?"

चंदाबाई दाराशीच उभी राहिली. "माही एवढी लाज वाटते का तुले? मले मारलं काऊन, तेवढं सांग. मंग मी जातो. पुन्हा तोंड नाई दाखवणार."

रीता पलंगाच्या कडेला बसली. रंग धुतलेला तिचा चेहरा लहान पोरीसारखा दिसत होता.

"तो सुटला, माय."

'कोण' हे चंदाबाईला विचारावं लागलं नाही. गुणवंतराव. तिचा नवरा. रीता सात वर्षांची असताना त्याने बल्लारपूरच्या घरात चंदाबाईच्या अंगावर रॉकेल ओतलं होतं आणि काडी ओढली होती. शेजाऱ्यांनी विझवलं म्हणून ती वाचली. तुरुंगात जाताना तो कोर्टाच्या आवारात ओरडला होता, 'सुटलो का राह्यलेलं काम पुरं करतो.' त्यानंतर चंदाबाई पोरीला घेऊन गाव सोडून गेली; रीता मुंबईला गेल्यावर ती एकटीच अहेरीला आली. जुनं आडनाव टाकलं, जुने नातेवाईक टाकले.

"मुंबईले माह्या घरी आला," रीता सांगू लागली. "म्हणे, तुही माय कुठी हाय? माह्या तोंडून निघून गेलं, मेली म्हणून. त्याले खरं वाटेना. पुन्हा आला. पुन्हा विचारलं. मंग मी हे स्टेजवर आणलं. मुलाखतीत सांगतलं, टीव्हीवर सांगतलं. साऱ्या जगाले सांगतलं, माय. पण सांगायचं त्या एकालेच होतं."

"पटलं त्याले?"

"काल पास पाठवून मीच बोलावलं त्याले. पहिल्या रांगेत बसून पाहून गेला."

सरिताबाईंनी तोंडावर हात ठेवला. काल संध्याकाळी तो त्याच मैदानावर होता. चंदाबाईचे डोळे आपसूक दाराकडे गेले. कडी नीट लागली आहे ना, हे तिने पाहिलं. इतकी वर्षं ती हेच करत आली होती.

मग तिची नजर रीताकडे वळली. हजारो लोकांसमोर मान ताठ ठेवून उभी राहणारी ही पोरगी पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती.

"म्हणजे तू हरेक खेळात मले जळताना पाह्यतेस?"

रीताने मान हलवली.

"तवा कोपऱ्यात उभी होतीस तू. सारं पाह्यलं होतंस."

"आता डोळे मिटून घेतो, माय," रीता हळूच म्हणाली. "पण वास येते."

चंदाबाई पोरीजवळ बसली. तिचं डोकं तिने आपल्या खांद्याशी घेतलं आणि बराच वेळ केसांतून हात फिरवत राहिली. गुणवंतरावाच्या भीतीने ती आजवर लपून जगली होती. त्यात काही वावगं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण तिला वाचवायला ही पोरगी गावोगाव, देशोदेशी त्याच आगीत पुन्हा पुन्हा शिरत होती.

ती उठली. खिडकीशी गेली आणि तिने पडदे बाजूला सारले. खालच्या रस्त्यावरून ऑटो जात होते. ऊन खोलीभर पसरलं.

"सरिताबाई, ठाण्यात जाऊन सारं सांगून या. संध्याकाळी पोलीस पाह्यजेत."

"माय, काय करून राह्यली तू?"

"आज बी त्याले पास पाठव," चंदाबाई म्हणाली. "पहिल्याच रांगेतला. अन् आज मले मारू नको."