राहिलेले आवाज

“हे कानाचं मशीन लावलं की समोरच्याला कळतं का?” आजीने तिसऱ्यांदा विचारलं.

मुलाने कपाळाला हात लावला. “आई, या वयात कोण बघायला येतंय तुझे कान?”

कान तपासणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. आजीने छापखान्यात छपाईच्या मशीनवर काढलेली एकतीस वर्षं त्यांच्या हातातल्या तपासणीच्या कागदावर उतरणीच्या रेघेसारखी दिसत होती. दोन्ही कान सारखेच गेलेले, म्हणजे मशीनंही दोन लागणार. अगदी आत बसणारं, न दिसणारं मशीन त्यांनी स्वतःच बाजूला सारलं. त्याचा तांदळाएवढा सेल आजीच्या वाकड्या बोटांना बदलता आला नसता. कानामागे बसणारं मशीन केसांखाली झाकलं जातं, त्या म्हणाल्या. पंधरा दिवस वापरा, नाही जमलं तर परत आणा. मग कागद उलटा करून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं : घेण्याआधी एक ठरवा. कुणाचं ऐकायचंय?

“दाराची बेल, फोन, टीव्ही,” मुलाने परस्पर सांगून टाकलं.

आजीला एकाच माणसाचं ऐकायचं होतं, आणि भीतीही त्याचीच होती.

नात नऊ वर्षांची. बोलताना अडखळायची. तिचं अडलेलं वाक्य घरात कुणी ना कुणी पुरं करून टाकायचं, आणि शाळेत तर तिने तोंड उघडणंच सोडलं होतं. पण रोज दुपारी दप्तर टाकलं की ती आजीच्या पलंगावर चढायची, आणि मग तिचे ओठ थांबायचे नाहीत. हातवारे, डोळे, मधेच खदखदून हसणं. आजीला त्यातलं अक्षरही कळत नसे. ती आपली मान डोलवायची. आपल्याला ऐकू येत नाही म्हणूनच ही पोर बोलते, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. उद्या ऐकू यायला लागलं आणि पोरीने इथेही तोंड मिटलं तर?

“पोरीला सांगू नकोस,” रिक्षातून उतरताना ती मुलाला एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी केस कानांवर ओढून बसली. सकाळपासून भांड्यांनी नुसता उच्छाद मांडला होता, स्वतःची चप्पलसुद्धा अंगावर येत होती. नात आली, पलंगावर चढली आणि बोलू लागली.

आवाज जरासा घोगरा होता. आजीने तो कधी नीट ऐकलाच नव्हता. कुठेही अडत नव्हता. नळाची धार सोडावी तसा सरळ येत होता.

“आजी, तुझे आजचे राहिलेले आवाज. सकाळी वरच्या काकांच्या हातून पाण्याची बाटली सुटली, ती जिन्यावरून खालपर्यंत गेली, टण टण टण टण. कुकरची शिट्टी अर्धीच झाली. आई मोरीत गाणं म्हणत होती, बाबा आले तशी थांबली. बाबा झोपेत ‘आई’ म्हणाले. आणि तू पहाटे घोरलीस, मांजरासारखी. तेही तुला माहीत नसणार.”

आजीची डोलणारी मान जागीच थांबली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, पोर मन मोकळं करते आहे. आणि ही एवढीशी पोर घरी असेल तेवढा वेळ कान टवकारून फिरत होती. आजीच्या वाट्याचं जे जे सांडत होतं ते वेचून रोज पलंगावर आणून देत होती. ऐकू न येणाऱ्या माणसाला.

चार दुपारी आजीने असंच ऐकलं. पाचव्या दिवशी तिला राहवेना. चोरून ऐकल्यासारखं वाटू लागलं होतं. नात पलंगावर बसताच तिने दोन्ही हातांनी केस मागे सारले.

“मला ऐकू येतं. सोमवारपासून सगळं.”

नात त्या मशीनकडे बघत राहिली. चेहरा उतरला. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. संपलं सगळं, असं आजीला वाटलं.

“म... म... मग आता मी तुला का... का... काय सांगू?”

वाक्य अडलं होतं. पण पोर उठून गेली नव्हती. आजीने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“घरातल्या सगळ्यांचं सांगून झालं,” ती म्हणाली. “आता तुझं सांग.”

पहिला शब्द यायला बराच वेळ लागला. आजीने तो पुरा केला नाही.